बैठकीतलं ऊन

परभणीत मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं जातो, अन् आमची बैठक पश्चिमेची. चारनंतर ऊन थेट दिवाणावर. आईची उशी उचलली तर नुकती इस्त्री केल्यासारखी गरम. जुन्या चौकटीला वाळवी लागली, तेव्हा खिडक्या बदलायच्याच ठरलं.

दुकानदार म्हणाला, "दादा, काळी काच टाका, विषय संपला." पण काळी काच ऊन शोषून स्वतःच तापते, त्यातली बरीच झळ आत येतेच, वर भरदिवसा खोली अंधारी. शेवटी ५-१२-५ ची दुहेरी काच घेतली. म्हणजे ५-५ मिमीच्या दोन काचा, मधे १२ मिमी हवा, बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला उष्णता परतवणारा लो-ई थर. चौकट यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची, ॲल्युमिनियमही पाहिलं होतं, पण ते फार तापतं. सरकते पल्ले नकोच म्हटलं, निम्मीच खिडकी उघडते. रात्री वारं सुटलं की अख्खं आत यायला पाहिजे. म्हणून आत उघडणारे पल्ले, बाहेर जुनेच गज.

छज्जा दीड फुटाचा, पण मावळतीचं ऊन त्याच्याखालून शिरतं. मग छज्ज्याला वाळ्याचा पडदा टांगला. त्यावर पाणी मारता मारता आई म्हणाली, "एवढे पैसे घातलेस, अन् गार लागतंय ते ह्याच्यानंच."