फोटोंची डिस्क दिसेना तेव्हा: घरच्या लिनक्सच्या दुरुस्तीचा माझा अनुभव

गेल्या पावसाळ्यात आमचा घरचा डेस्कटॉप सुरू होता होता अडायला लागला. बटण दाबलं की लिनक्स मिंटचं (विंडोजऐवजी टाकलेल्या ऑपरेटिंग सिस्टीमचं) चिन्ह यायचं, मग काळ्या पडद्यावर ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ अशी ओळ आणि तिच्यापुढे पळणारे सेकंद. दीड मिनिट पूर्ण झालं की ‘यू आर इन इमर्जन्सी मोड’. कधी बंद करून पुन्हा चालू केलं की सगळं सुरळीत व्हायचं, कधी दिवसभर नाहीच.

मशीन जुनं आहे. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम. विंडोज ११ ला आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, ते याच्यात नाही. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार हे जाहीर झालेलं होतं, म्हणून मी त्याआधीच लिनक्स मिंट २२ टाकून घेतलं. त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. सिस्टीम छोट्या एसएसडीवर आहे आणि बाकी सगळं २ टीबीच्या साध्या हार्ड डिस्कवर, ‘/डेटा’ या फोल्डरला जोडलेलं.

त्या ‘बाकी सगळं’मध्ये काय आहे ते सांगायला हवं. आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ च्या पुरात तळमजल्यावरच्या कपाटातले अल्बम पाण्यात गेले. जे फोटो एकमेकांपासून सुटे झाले ते वाळवले, मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांकडचे मागून आणले आणि सगळे स्कॅन करून त्या डिस्कवर ठेवले. सासूबाईंनी स्वतः टाइप केलेल्या त्यांच्या आईच्या ओव्याही तिथेच. म्हणजे मशीन बंद पडलं असतं तर नवीन आणता आलं असतं. ही डिस्क गेली असती तर काहीच आणता आलं नसतं.

ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. मी दोन वाक्यं बोलले असेन तेवढ्यात ते म्हणाले, “वहिनी, हार्ड डिस्क गेली. घेऊन या, नवीन टाकून फॉरमॅट मारून देतो. जुनीतलं काही निघालं तर बघू.” ते ‘बघू’ मला मानवलं नाही. मशीन न बघता डिस्क गेली हे कळलं कसं? लिनक्स सुरू होताना काय काय केलं आणि काय जमलं नाही याची ओळ न् ओळ लिहून ठेवतं. ती वाचल्याशिवाय कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही, असं मी ठरवलं.

इमर्जन्सी मोडच्या पडद्यावरच पुढचा रस्ता लिहिलेला असतो, पण काळा पडदा बघून माणूस घाबरतो आणि वाचत नाही. मिंटमध्ये एंटर दाबलं की कमांड लिहायची जागा मिळते. तिथे ‘जर्नलसीटीएल -एक्सबी’ लिहिलं की या वेळच्या सुरुवातीची सगळी नोंद उघडते. शेवटाकडे जायला शिफ्ट आणि जी, बाहेर पडायला क्यू. लाल ओळी बघत वर गेलं की कळतं, एका ‘युनिट’साठी, म्हणजे सुरू व्हायच्या एका घटकासाठी, वाट पाहिली, ‘टाइम्ड आउट’, आणि खाली ‘डिपेंडन्सी फेल्ड फॉर /डेटा’. म्हणजे सिस्टीम धडधाकट होती. फोटोंची डिस्क सापडेना म्हणून ती दारात थांबली होती. ‘एलएसबीएलके -एफ’ लिहिल्यावर तेच दिसलं: एसडीए (एसएसडी) होता, एसडीबीचा (फोटोंच्या डिस्कचा) पत्ता नाही.

थांबण्याचं कारण ‘/ईटीसी/एफएसटॅब’ या फाइलमध्ये असतं. कुठली डिस्क कुठल्या फोल्डरला जोडायची याची ती यादी. दर ओळीत सहा रकाने: डिस्कची ओळख (यूयूआयडी), फोल्डर, फाइलसिस्टीमचा (डिस्कवर फायली मांडायच्या पद्धतीचा) प्रकार, पर्याय आणि शेवटी दोन आकडे. पर्यायांच्या रकान्यात ‘नोफेल’ नसेल, तर सिस्टीमच्या दृष्टीने ती डिस्क नसताना पुढे जाणं धोक्याचं आहे. म्हणून ९० सेकंद वाट बघून ती थांबते. मी नॅनो या साध्या एडिटरमध्ये फाइल उघडली, ‘/डेटा’च्या ओळीच्या सुरुवातीला हॅश टाकलं (म्हणजे ती ओळ सिस्टीम वाचत नाही), कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स, आणि ‘सिस्टमसीटीएल रीबूट’. मशीन नेहमीसारखं उघडलं. सासूबाई मागे उभ्या होत्या. “झालं?” “नाही आई, आता कुठे सुरुवात.”

डिस्क अधूनमधून दिसत होती. दिसली की पहिलं काम एकच, आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घेणं. इथे एक गोष्ट फार थोड्या ठिकाणी लिहिलेली सापडते. ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टीम) असलेली डिस्क नुसती ‘आरओ’ म्हणजे फक्त वाचण्यासाठी जोडली तरी आधीचं जर्नल (डिस्कवरच्या बदलांची आगाऊ नोंद) अर्धवट असेल तर ते पूर्ण करायला लिनक्स डिस्कवर लिहितं. संशयित डिस्कवर एक अक्षरही लिहायला नको असेल तर ‘आरओ,नोलोड’ असं जोडावं. तसं जोडून मी आरसिंक या कमांडने बाहेरच्या यूएसबी डिस्कवर नक्कल सुरू केली. मधेच सगळं गोठल्यासारखं व्हायचं, मग पुन्हा चालायचं. ते गोठणं माझ्या कामाचं होतं, कारण शेजारच्या खिडकीत ‘सुडो डीमेसेज -डब्ल्यू’ चालू ठेवलं होतं आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) त्याच क्षणी काय म्हणतोय ते दिसत होतं.

तो म्हणत होता: ‘एक्सेप्शन’, मग ‘बॅड सीआरसी’, मग ‘हार्ड रिसेटिंग लिंक’. काही वेळाने ‘लिमिटिंग साटा लिंक स्पीड टू ३.० जीबीपीएस’. आधी ६ होता. (साटा म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडायची पद्धत.) ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. डिस्कची तबकडी खराब झाली असती तर अमुक सेक्टर वाचता आला नाही, ‘मीडिया एरर’, ‘अनकरेक्टेबल’ असं काही यायला हवं होतं. इथे तक्रार ‘लिंक’ची होती. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या रस्त्यावर माल खराब होत होता. सीआरसी म्हणजे प्रत्येक पुडक्याबरोबर जाणारा पडताळ्याचा आकडा. तो जुळला नाही की पुडकं टाकून देतात आणि पुन्हा मागवतात. त्यामुळे वेग मंदावतो, पण चुकीचा माल सहसा फायलीत शिरत नाही. हे समजल्यावर माझा जीव बराच भांड्यात पडला.

मग स्मार्ट. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःची तब्येत स्वतः नोंदवत असते. ‘स्मार्टमॉनटूल्स’ हे पॅकेज टाकून ‘सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीबी’ म्हटलं की तक्ता येतो. वरच ‘पास्ड’ लिहिलेलं असतं, त्याच्यावर विसंबू नये. खरी गोष्ट शेवटच्या ‘रॉ व्हॅल्यू’च्या रकान्यात असते आणि घरच्या माणसाने बघायच्या ओळी चारच. ५ क्रमांकाची ओळ: खराब झाले म्हणून बदललेले सेक्टर. १९७: वाचताना अडलेले, निकाल बाकी असलेले. १९८: वाचताच न आलेले. १९९: वाहतुकीतल्या सीआरसी चुका. आमच्या डिस्कच्या पहिल्या तिन्ही ओळींत शून्य होतं. चौथीत चार आकडी संख्या, आणि नक्कल चालू असताना पुन्हा पाहिलं तर ती वाढलेली.

एक पडताळणी बाकी होती. स्मार्टची लांब चाचणी, ‘स्मार्टसीटीएल -टी लाँग’. ही चाचणी डिस्क आतल्या आत करते. सगळी तबकडी स्वतः वाचते, वाचलेलं केबलवरून बाहेर पाठवत नाही. म्हणून दोष डिस्कचा की केबलचा हे वेगळं काढायला इतकी चांगली दुसरी सोय नाही. २ टीबीला काही तास लागतात, किती लागतील ते ती आधी सांगते. नक्कल पूर्ण झाल्यावर रात्री लावून झोपले. सकाळी ‘कम्प्लीटेड विदाउट एरर’. डिस्क चांगली होती.

मशीन बंद केलं, भिंतीतला प्लग काढला, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं आणि कॅबिनेटची बाजू उघडली. हार्ड डिस्कची साटा केबल डिस्कपासून निघाल्या निघाल्या काटकोनात वळलेली होती, कारण पत्रा लावला की तिला जागाच उरत नव्हती. बऱ्याच केबलींच्या टोकाला खटका मारून बसणारी पत्र्याची पट्टी असते, ती या केबलला नव्हतीच. बोटाने जरा हलवलं तर टोक डुलत होतं. बाहेर काढून मोबाइलच्या उजेडात धरलं तर आतल्या सोनेरी पट्ट्यांपैकी दोनांवर काळपट डाग. कोकणातल्या दमट हवेचा हा परिणाम असावा असं मला वाटतं. आमच्याकडे पावसाळ्यात पितळेची भांडी आठ दिवसांत काळवंडतात. साटाचं टोक सुमारे ५० वेळा काढ-घाल करण्यापुरतंच बनवलेलं असतं, म्हणून ते सारखं काढून पुसून बघणंही बरं नव्हे.

बाजारात जायची गरजही पडली नाही. कॅबिनेटमध्ये डीव्हीडी रायटर होता, वापर शून्य. त्याची केबल खटक्याची होती. ती काढून हार्ड डिस्कला लावली, मदरबोर्डवर मात्र जुन्याच पोर्टात. मुद्दाम. केबल आणि पोर्ट दोन्ही एकदम बदलले असते तर दोष कशात होता हे कळलं नसतं. १९९ ची संख्या कागदावर लिहून घेतली होती. ती पुन्हा शून्य होत नाही, आयुष्यभराची बेरीज असते. बघायचं ते वाढते का एवढंच. आरसिंक पुन्हा चालवलं, या वेळी ‘-सी’ लावून, म्हणजे प्रत्येक फाइल आतून वाचून नकलेशी ताडून बघायची. तासन्‌तास वाचन झालं, लिंक ६ जीबीपीएसवर टिकली, फायली जुळल्या. संख्या जिथल्या तिथे. नंतर डिस्क फोल्डरपासून सोडवून घेऊन ‘ई२एफएससीके -एफ’ने तिची फाइलसिस्टीम तपासली. तेही स्वच्छ.

एक उत्सुकता राहिली होती: हे सुरू कधी झालं? मिंट जुन्या नोंदी ‘/व्हार/लॉग/जर्नल’मध्ये जपून ठेवतं. जर्नलसीटीएलला ‘-जी’ जोडून ‘हार्ड रिसेटिंग’ शोधलं. पहिली ओळ जूनमधली निघाली, पाऊस लागला त्याच आठवड्यातली, आणि मशीन पहिल्यांदा अडण्याच्या कितीतरी आधीची. तेव्हापासून आमचं मशीन सांगत होतं. या दुरुस्तीपासून महिन्यातून एकदा ‘जर्नलसीटीएल -पी ईआरआर -बी’ वाचायची सवय मी लावून घेतली आहे. त्यातल्या निम्म्या ओळी ब्लूटूथ आणि बायोसच्या किरकोळ कुरबुरी असतात. त्या ओळखीच्या झाल्या की नवीन ओळ लगेच डोळ्यांत भरते.

आता एफएसटॅबमध्ये ‘नोफेल’ आणि ‘एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०’ आहे. डिस्क नसली तरी मशीन अडून न राहता उघडतं, घरातल्या कुणालाही काळा पडदा बघावा लागत नाही. पण याच्यात एक खड्डा आहे. डिस्क जोडलेली नसली तरी ‘/डेटा’ नावाचं रिकामं फोल्डर एसएसडीवर असतंच. तिथे कुणी फाइल ठेवली तर ती निमूट एसएसडीवर जाते. उद्या डिस्क पुन्हा जोडली गेली की ती फाइल तिच्याखाली झाकली जाते आणि सगळे म्हणतात गायब झाली. त्याहून वाईट म्हणजे रात्रीचं बॅकअप रिकाम्या फोल्डरला खरं मानून, ‘--डिलीट’ (मूळ जागी नाही ते प्रतीतूनही काढ) लावलेलं असेल तर, चांगली प्रतही पुसून टाकू शकतं. यावर उपाय दोन आणि मी दोन्ही केले. डिस्क सोडवलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरवर ‘सुडो सीएचएटीटीआर +आय /डेटा’. मग त्यात रूटलाही (सर्वाधिकारी वापरकर्त्यालाही) काही ठेवता येत नाही, पण डिस्क जोडायला अडचण येत नाही. आणि बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये सगळ्यात आधी ‘माउंटपॉइंट -क्यू /डेटा’: डिस्क खरोखर जोडलेली नसेल तर तिथेच थांब.

मिंटमधल्या टाइमशिफ्टबद्दलही सांगते, कारण माझ्या जावेने त्यावर भिस्त ठेवली होती. टाइमशिफ्ट सिस्टीमसाठी आहे. अपडेटने काही बिघडलं तर मागे जाता येतं, आणि त्यासाठी ते उत्तम आहे. तुमचं होम फोल्डर ते मुळात धरत नाही आणि धरायला लावूही नये, नाहीतर सिस्टीम मागे नेताना कालची पत्रंही मागे जातील. फोटोंची प्रत वेगळीच हवी.

आमची एक प्रत घरातल्या यूएसबी डिस्कवर असते. पण पूर आला तर मशीन आणि ती डिस्क एकाच पाण्यात. म्हणून दुसरी प्रत पुण्याला दिरांकडे ठेवतो. ते गौरी-गणपतीला येतात तेव्हा त्यांच्याकडची डिस्क घेऊन येतात, मी वर्षभराचं नवीन उतरवते, आरसिंक ‘-सी’ने ताडते, सासूबाईंना ओव्यांची फाइल आणि दोन-चार फोटो त्यावरून उघडून दाखवते, आणि विसर्जन झालं की ती डिस्क त्यांच्याबरोबर परत जाते.