फादरांची निरोपाची मिस्सा

आज आमच्या फादरांची निरोपाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, झाली. वयाची 75 वर्षं पूर्ण झाली की धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या परिसरातल्या भाविकांच्या, प्रमुख धर्मगुरूने बिशपांकडे राजीनामा द्यावा, असं कॅथलिक चर्चचा कायदा सांगतो. माहीत होतं, तरी मन तयार नव्हतं.

आईच्या शेवटच्या आजारात रात्री दोन वाजता एका फोनवर ते धावत आले होते. खिशातून आजाऱ्यांना लावायच्या पवित्र तेलाची अंगठ्याएवढी डबी काढली, तिच्या कपाळावर आणि दोन्ही तळहातांवर तेल लावलं. किती शांतपणे! मग उजाडेपर्यंत तिचा हात धरून बसले आणि तसेच सकाळच्या मिस्सेला गेले.

आज पाया पडताना त्यांच्या झग्याच्या खिशात तीच डबी दिसली. रडू आवरलंच नाही.