आमची वाटचाल : अर्थिंगच्या खड्ड्यापासून एसपीडीपर्यंत

वीज मंडळाचे विभाजन होऊन वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, त्या २००५ सालीच आम्ही वरूडला दुकान उघडले. संत्र्याच्या बागांचा तालुका आणि खोल बोअर, त्यामुळे पॅनेल दुरुस्ती व मोटारी भरण्याचे काम कधी कमी पडले नाही. त्या काळी सर्ज (तारेतून क्षणभर येणारा विजेचा लोंढा) हा शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडी नव्हता; स्टार्टर जळाला की ‘लाइन जास्त आली’ एवढेच सांगितले जाई. वीज कोसळल्यावर तारेतून येणारा लोंढा काही मायक्रोसेकंदांचा असतो आणि न्यूट्रल तुटल्यावर चढणारे व्होल्टेज कोणी मेन स्विच पाडेपर्यंत टिकते, हा भेद तेव्हा कोणी करत नसे. पुढे याच भेदापायी आमचे दुकान बंद पडण्याची वेळ आली.

आमची पहिली मोठी खरेदी म्हणजे हाताने फिरवायचा अर्थ टेस्टर, म्हणजे अर्थिंगचा रोध मोजणारे यंत्र. दोन लोखंडी सळया जमिनीत ठोकायच्या, आतली सळई बाहेरच्या सळईच्या अंतराच्या साधारण ६२ टक्क्यांवर ठेवायची, मग दांडा एका लयीत फिरवायचा. आमच्या काळ्या मातीला वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, माती अर्थिंगच्या पाइपापासून सुटते आणि पावसाळ्यात चांगला दिसलेला आकडा तिथेच कितीतरी वर जातो. म्हणून आम्ही मोजणी उन्हाळ्यातच करतो. वीज-संरक्षणाच्या अर्थिंगसाठी आयएस/आयईसी ६२३०५ हे मानक शक्यतो १० ओहमच्या आतला रोध सुचवते. नुसता खड्डा, मीठ आणि कोळसा पाहून तो आकडा कळत नाही.

तालुक्यातील एका दालमिलच्या मुख्य पॅनेलमध्ये आम्ही टाइप-२ एसपीडी (सर्जचा लोंढा अर्थिंगकडे वळवणारे, मुख्य पॅनेलमध्ये बसणारे संरक्षक उपकरण) बसवले होते. मृगाच्या तोंडाशी वादळ झाले, लाइन गेली, जनरेटर चालला आणि चेंजओव्हर (लाइन व जनरेटर यांत अदलाबदल करणारा स्विच) परत लाइनवर घेताच ऑफिसातील संगणक, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आणि वजनकाट्याचे कार्ड जळाले. आमच्या एसपीडीच्या एका कार्ट्रिजची हिरवी खिडकी लाल झाली होती, म्हणजे ते कार्ट्रिज निकामी झाले होते. मालकांनी आमचे उरलेले बिल अडवले. तो चेंजओव्हर ज्यांनी बसवला होता, त्या प्रतिस्पर्धी दुकानदारांनी लाल खिडकीचा फोटो गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिले, ‘यांची पेटी स्वतःच जळते, तुमची मोटार काय वाचवणार?’ ठरलेली कामे एकामागून एक रद्द झाली, ठोक व्यापाऱ्याने उधारी बंद केली आणि दोन जुन्या कारागिरांना आम्हाला रजा द्यावी लागली.

आम्ही चेंजओव्हर उघडला, तेव्हा न्यूट्रलच्या चौथ्या पोलचा कॉन्टॅक्ट काळाठिक्कर पडलेला होता. न्यूट्रल तुटला की दोन फेजांवरचे भार चारशे व्होल्टांच्या मध्ये एकापुढे एक जोडल्यासारखे होतात आणि ज्या फेजवर भार कमी, त्यावर व्होल्टेज चढते. बाकीची उपकरणे काढून आम्ही एका फेजवर मोठा आणि ऑफिसच्या फेजवर लहान बल्ब लावला; मोठा जेमतेम लालसर झाला, लहान पांढराफटक पेटला आणि मालकांच्या डोळ्यांदेखत मीटरने ३४० व्होल्ट दाखवले. जळालेली प्रत्येक वस्तू त्याच फेजवरची होती. आमच्या एसपीडीची यूसी, म्हणजे सतत सहन करण्याची मर्यादा, २७५ व्होल्टांची होती. त्यावर टिकून राहिलेल्या व्होल्टेजला आतला व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेजला वाट करून देणारा भाग) तापतो आणि आग लागू नये म्हणून थर्मल डिस्कनेक्टर त्याला तोडतो. एसपीडीने आपले काम चोख केले होते. मालकांनी बिल चुकते केले. फोटो टाकणाऱ्यांनी मात्र आजतागायत एक ओळीचा खुलासा केलेला नाही.

त्या पडत्या काळात आमच्यामागे उभे राहिले ते संत्रा बागायतदार आबाजी. दुकान नवे असताना ‘पेटी लाव, पैशाचं मंग पाहू’ म्हणून पहिले पॅनेल त्यांनीच आमच्याकडून करून घेतले होते. लोक आमचा रस्ता टाळत होते, त्याच महिन्यांत त्यांनी नव्या घराचे संपूर्ण वायरिंग आम्हाला दिले आणि अर्थिंगचा खड्डा मुद्दाम रस्त्याकडेला खणायला लावला. येणारा-जाणारा थांबून चौकशी करी आणि आबाजी त्याला टेस्टरचा आकडा वाचून दाखवत. पुढची वर्षे बरी गेली. त्यांत सांगण्यासारखे फारसे नाही.

पॅनेल करून घेणाऱ्यांना कोणी न विचारताही सांगतो की एसपीडीच्या तारा शोभेसाठी वळणे देऊन बांधू देऊ नयेत. एक मीटर तारेचे इंडक्टन्स सुमारे एक मायक्रोहेन्री असते. दर मायक्रोसेकंदाला एक किलोॲम्पियर या वेगाने प्रवाह वाढला, तर त्या एका मीटरवरच हजार व्होल्ट उभे राहतात आणि ते तुमच्या उपकरणाच्या वाट्याला येतात. फेजकडची आणि अर्थकडची मिळून तार अर्ध्या मीटरच्या आत बसली पाहिजे. सोलर पंप घेणाऱ्यांनी पॅनेलच्या बाजूला डीसीचाच एसपीडी मागावा. एसीचा तिथे लावून देणारे महाभाग आमच्याच बाजारपेठेत आहेत.

आता आमच्या दरपत्रकात अर्थिंगची मोजणी, चेंजओव्हरच्या न्यूट्रलची तपासणी आणि जादा-कमी व्होल्टेजचा रिले (व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले की पुरवठा तोडणारा) या तीन बाबी वेगळ्या लिहिलेल्या असतात, त्यामुळे आमचा आकडा समोरच्या दुकानापेक्षा नेहमी जास्त दिसतो. त्यांच्या पाटीवर ‘वीज पडली तरी चिंता नाही’ असे मोठ्या अक्षरांत रंगवलेले आहे आणि ते वाचून काही गिऱ्हाइके अजूनही तिकडेच वळतात.