लेबल नसलेली खुर्ची

मॅसॅच्युसेट्समधल्या एका लिलावगृहात मी जुन्या फर्निचरची पारख आणि नोंद करतो. महिन्यातून एक दिवस लोक आपल्या घरातल्या वस्तू घेऊन येतात. अशाच एका शनिवारी एक निवृत्त शिक्षिका दोन खुर्च्या घेऊन आल्या. झुलत्या खुर्चीवर हात ठेवून म्हणाल्या, "ही खरी शेकर. दुसरी कोठारात पडून होती. बाबा तिच्यावर रंगाचे डबे ठेवायचे. गाडीत जागा होती म्हणून आणली." शेकर म्हणजे अमेरिकेतला, वसाहती करून एकत्र राहणारा एक ख्रिस्ती पंथ; त्यांचं साधं फर्निचर नावाजलेलं आहे.

झुलत्या खुर्चीला फार वेळ लागला नाही. वरच्या पट्टीच्या मागे 7 चा शिक्का, झुलत्या पट्टीच्या आतल्या अंगाला सोनेरी छाप, माथ्यावर शाल किंवा गादी अडकवायचा आडवा दांडा. न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट लेबनन इथल्या शेकर वसाहतीच्या कारखान्यातली ही सगळ्यात मोठ्या मापाची खुर्ची. तिथे मापं 0 पासून 7 पर्यंत होती. 1870च्या दशकात रॉबर्ट वॅगन यांनी हा धंदा वाढवला. नकला होऊ लागल्या, म्हणून गिऱ्हाइकाला ओळख पटावी यासाठी हा छाप आला.

माझं लक्ष मात्र दुसरीकडे होतं. कोठारातली ती पांढऱ्या रंगाची खुर्ची मी बाजूला करायला उचलली आणि ती अपेक्षेपेक्षा फारच हलकी निघाली. शेकर वसाहतींत खुर्च्या भिंतीवरच्या खुंट्यांना टांगून ठेवत, म्हणजे खालची जमीन झाडायला मोकळी राही. रोज उचलायची वस्तू जड करून चालणार नव्हतं.

पण हलकी आणि साधी म्हणजे शेकर, असं होत नाही. हा गैरसमज मला खरोखर खुपतो. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागात खेडोपाडी आडव्या पट्ट्यांच्या पाठीची साधी खुर्ची बनत होती. आज स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या कुठल्याही सपाट, चौकटीच्या दाराला शेकर म्हणतात, त्यामुळे तर ओळख आणखी धूसर झाली आहे. साधेपणा गरिबीतूनही येतो आणि घाईतूनही. शेकर कारागिराने नक्षी सोडली, पण मेहनत सोडली नाही. ती मेहनत कुठे घातली आहे, हे शोधायचं असतं.

पाठीच्या तीन पट्ट्या खालून वर थोड्या थोड्या रुंद होत गेल्या होत्या आणि प्रत्येकीची वरची कड पाठीला बोचू नये म्हणून गोलसर घासलेली होती. मागचे खांब कमालीचे बारीक. त्यांच्या टोकांवरचे बोंड अंडाकृती, खाली बारीक मान. न्यू हॅम्पशर राज्यातल्या एनफिल्ड या दुसऱ्या शेकर वसाहतीचे बोंड याहून लांबट आणि निमुळते असतात. खांबाला कॅलिपर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, लावला. एका दिशेला माप भरलं त्याहून काटकोनात मिलिमीटरभर कमी भरलं. लेथवर कातलेलं गोल लाकूड वर्षानुवर्षं वाळताना सगळीकडे सारखं आकसत नाही, अंडाकृती होतं. यावरून वय कळतं, गाव कळत नाही. बैठक प्लास्टिकच्या पट्ट्यांची, अलीकडची. पण मागच्या दांडीवर एका बारीक खिळ्याखाली जुन्या विणलेल्या बैठकीच्या लोकरी नवारीचे चार धागे शिल्लक होते.

मग खुर्ची उलटी केली. मागच्या दोन्ही पायांचे तळ वाटीसारखे कोरलेले, आणि एका वाटीत लाकडाचा गोळा, खालून सपाट. गोळ्यातून कातड्याची वादी वर पायात शिरलेली आणि कडेच्या भोकात खुंटीने अडकवलेली. मी सहकाऱ्याला हाक मारली. माणूस मागे रेलला की पाय तिरपा होतो, पण गोळा वाटीत फिरतो आणि त्याचा सपाट तळ जमिनीवर टेकून राहतो. फरशीवर खड्डे पडत नाहीत. 1852 मध्ये शेकर पंथातल्या जॉर्ज ओ'डॉनेल यांनी याच युक्तीच्या धातूच्या प्रकाराचं पेटंट घेतलं. लाकडी गोळे त्याआधीपासून बसवले जात.

असे गोळे मागाहून बसवलेलेही सापडतात. म्हणून भिंग लावून वाटीची आतली बाजू पाहिली. गोळ्याच्या घर्षणाने ती गुळगुळीत झाली होती आणि खुंटीच्या भोकाची कड पांढऱ्या रंगाखालच्या लालसर थरानेही झाकलेली होती. म्हणजे भोक पहिल्या रंगाआधीचं.

"पण हिच्यावर लेबल कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

लेबल बाहेर विकायच्या खुर्च्यांना लावत. ही बहुधा त्याआधीची, वसाहतीतल्याच कुणी बसावं म्हणून केलेली. ऐकल्यावर त्या बराच वेळ त्या गोळ्याकडे पाहत राहिल्या. पुतण्या रंग खरवडून ती चकचकीत करून देणार होता, असं म्हणाल्या. मी जवळजवळ विनवणीच केली: रंग काढू नका, वादीला तेल लावू नका, गहाळ गोळ्याच्या जागी नवा बसवू नका. त्या लाल थरासकट सगळा पुरावाच जाईल.

नोंदीत मी लिहिलं: माउंट लेबनन असावी, अंदाजे 1830 ते 1850, मेपल, मागच्या एका पायाचा गोळा गहाळ, पांढरा रंग नंतरचा. सहकाऱ्याला "असावी" खटकत होतं. त्याने भाव उतरतो. पण एनफिल्ड नाही हे फक्त बोंडावरून ठरवलं होतं, म्हणून तो शब्द मी ठेवला. झुलती खुर्ची लिलावात गेली. पांढरी बाईंनी परत नेली, गोळा जागचा हलू नये म्हणून पायाला मऊ कापड गुंडाळून.