धारावी काही जाईना

गेल्या पावसाळ्यातला शुक्रवार, संध्याकाळचे साडेपाच, बाहेर धो धो, आणि लोअर परळच्या ऑफिसात मी एका सर्व्हेचे 600 फॉर्म घेऊन बसलेली. जी साऊथ आणि जी नॉर्थ, या दोन वॉर्डांत पायलट, म्हणजे चाचणी फेरी, जुन्या प्रश्नावलीवर झालेली म्हणून तिथले फॉर्म काढून टाकायचे होते, बस. आर या आकडेमोडीच्या प्रोग्रॅममध्ये फिल्टर लावला, वॉर्ड नॉट इक्वल टू, पुढे दोन्ही नावं एकत्र, रन. एरर नाही, वॉर्निंग नाही, 511 ओळी उरल्या, चार्ट मॅडमना पाठवून मी चहा प्यायला गेले.

परत येते तर मॅडम माझ्याच खुर्चीशी उभ्या. "अगं, धारावी अजून कशी दिसतेय यात?"

धारावी म्हणजे जी नॉर्थ. जायलाच हवी होती ना. बघते तर आरने पहिल्या ओळीला विचारलं तू जी साऊथ का, दुसरीला तू जी नॉर्थ का, तिसरीला परत जी साऊथ, असं शेवटपर्यंत आलटून पालटून, म्हणजे धारावीचा फॉर्म विषम ओळीत असला की सुटला! वर 600 ला दोनने पूर्ण भाग जातो म्हणून तो गप्प, 601 असते तर निदान वॉर्निंग तरी दिली असती. यावर मी त्याला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

मग परसेंट इन परसेंट वापरलं, ते प्रत्येक ओळीचा वॉर्ड यादीत आहे का बघतं, आणि त्याच्या आधी 'नाही'चं उद्गारचिन्ह. आले 460. मॅडमच्या एक्सेलमध्ये 442. आता हे 18 कोण? तर वॉर्डचा रकाना रिकामा असलेले, एनए. नॉट इक्वलमध्ये एनएचं उत्तरही एनएच येतं आणि डीप्लायरचा, म्हणजे मी वापरलेल्या आरच्या पॅकेजचा, फिल्टर अशा ओळी न सांगता टाकून देतो, म्हणजे मघाशी हेही गेलेले आणि मला पत्ता नाही. परसेंट इन मात्र सरळ 'यादीत नाही' म्हणतं, म्हणून आता ते राहिले. मॅडमनी एक्सेलमध्ये ब्लँकवरची टिक काढलेली.

माझंच बरोबर असं म्हणणार होते, तेवढ्यात पिनकोडचा कॉलम दिसला. 18 पैकी 7 जण 400017. परत धारावी! सुपरवायझरना फोन लावला तर म्हणे, "मॅडम, टॅब भिजला होता, वॉर्डची लिस्ट उघडेना, पोरांनी तसंच पुढे ढकललं."

शेवटी 453. ना माझा आकडा ना मॅडमचा. मेल टाकला तर दोन मिनिटांत रिप्लाय, "उरलेल्या 11 चे पिन बघितलेस?"

बघितले होते, नशीब.