घरगुती सर्व्हलेट कंटेनर: काम डिस्ट्रॉयपर्यंत आलं

मंडळी, कंटेनर चालायला लागला, म्हणजे सर्व्हलेट (वेब रिक्वेस्टला उत्तर देणारे जावा क्लास) चालवणारा माझा घरगुती प्रोग्राम. जेल रोडवरून घेतलेल्या जुन्या मिनी पीसीवर तो ८०८० पोर्ट धरून बसलाय. फोल्डरमधली क्लास फाइल उचलतो, ऑब्जेक्ट करतो आणि इनिट (उभारणी), सर्व्हिस (दर रिक्वेस्टला), डिस्ट्रॉय (आवराआवर) या तिन्ही मेथड क्रमाने बोलावतो. फिल्टर नाहीत, जेएसपी नाही, सेशन नाही. टॉमकॅटसारखा तयार कंटेनर असताना हा खटाटोप कशाला, असं आमच्या इंदूरच्या कंपूतल्या एका भियाने विचारलंच. सर्व्हलेटचा जीवनक्रम पुस्तकात तीन चौकोन आणि दोन बाणांत उरकतात. ते बाण आतून कसे असतात हे मला बघायचं होतं. बघितल्यावर माझं मत पक्कं झालंय: तीन मेथड कुणीही बोलावेल, कंटेनरची मेहनत सगळी बाणांवर आहे. आणि ती मेहनत म्हणजे कुणाला तरी थांबवून ठेवणं.

आधी इनिट ते सर्व्हिस हा बाण. लोड-ऑन-स्टार्टअप हा सेटिंगमधला आकडा दिलेला नसेल किंवा ऋण असेल, तर सर्व्हलेट कधी उभा करायचा ते कंटेनरच्या मर्जीवर. शून्य किंवा धन असेल तर अ‍ॅप चढतानाच, लहान आकड्याचा मान आधी. मी आळशी पद्धत घेतली: पहिली रिक्वेस्ट आली की ऑब्जेक्ट करायचा. पण पहिली रिक्वेस्ट एकटीच येते असं थोडंच आहे? दोन रिक्वेस्टचे दोन थ्रेड (समांतर चालणारे कामाचे धागे) एकाच क्षणी आले तरी ऑब्जेक्ट एकच झाला पाहिजे, इनिट एकदाच चाललं पाहिजे आणि ते संपेपर्यंत दुसऱ्याने बाहेर उभं राहिलं पाहिजे.

अनेक थ्रेडना एकत्र वापरता येणाऱ्या कॉन्करंट हॅशमॅप या तक्त्याचं ‘नसेल तरच बनव’ म्हणणारं कम्प्यूट-इफ-अ‍ॅब्सेंट इथे मोहात पाडतं. त्याच्या आत लांबलचक काम करू नका, असं जावाच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय. मॅपच्या त्याच कप्प्यात पडलेल्या दुसऱ्या सर्व्हलेटचीही वाट त्यात अडू शकते. इनिटमध्ये डेटाबेसची जोडणी असेल तर ते काम लहान नक्कीच नाही. म्हणून प्रत्येक सर्व्हलेटमागे एक फ्यूचरटास्क (एकदाच चालणारं, निकाल जपणारं काम) ठेवला. आधी आलेला थ्रेड तो चालवतो, बाकीचे निकालाची वाट बघतात. वर आणखी एक गोष्ट फुकटात मिळते: इनिटने फील्डमध्ये जे लिहिलं ते नंतरच्या सगळ्या थ्रेडना दिसणारच, ही जावाच्या मेमरी मॉडेलची (एका थ्रेडने लिहिलेलं दुसऱ्याला कधी दिसतं त्या नियमांची) हमी.

इनिटने एक्सेप्शन (त्रुटी) फेकलं तर डिस्ट्रॉय बोलवायचं नाही; उभंच राहिलं नाही ते पाडायचं काय. सर्व्हिसमधून अनअव्हेलेबल एक्सेप्शन (‘सेवा देता येत नाही’) आलं तर दोन वाटा. कायमचं असेल तर डिस्ट्रॉय करून सर्व्हलेट काढून टाकायचा आणि ४०४ (‘सापडलं नाही’) द्यायचा. तात्पुरतं असेल तर ५०३ (‘सध्या बंद’) आणि सोबत पुन्हा कधी यायचं ते सांगणारं रिट्राय-आफ्टर हेडर. तात्पुरत्यालाही कायमचं मानायची मुभा सर्व्हलेटचं स्पेसिफिकेशन (नियमपुस्तक) कंटेनरला देतं. मी ती घेऊन पुढे सरकलो.

चाचणीसाठी अ‍ॅप घेतलं ते लोकमान्य नगरातल्या आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणी पावत्यांचं. पावती क्रमांक मुद्दाम सर्व्हलेटच्या साध्या फील्डमध्ये ठेवला आणि अपाचे बेंच या भार-चाचणीच्या साधनाने एकाच वेळी पन्नास-पन्नास रिक्वेस्ट सोडल्या. दोन जोशींना एकच क्रमांक मिळाला, अपेक्षेप्रमाणे. ऑब्जेक्ट एक, थ्रेड अनेक. मेथडमधले लोकल व्हेरिएबल ज्याचे त्याच्यापाशी, फील्ड मात्र सगळ्यांचं. टॉमकॅटमध्ये मॅक्सथ्रेड्सचा, म्हणजे थ्रेडच्या कमाल संख्येचा, डिफॉल्ट २०० आहे, तेव्हा हा खेळ तिथे आणखी रंगेल.

यावर जुना उपाय होता सिंगल-थ्रेड-मॉडेल. तो इंटरफेस लावला की एका ऑब्जेक्टच्या सर्व्हिसमध्ये एका वेळी एकच थ्रेड, हवं तर कंटेनरने ऑब्जेक्टांचा पूल ठेवावा. स्टॅटिक फील्ड (सगळ्या ऑब्जेक्टांत मिळून एकच) आणि सेशनमधल्या वस्तू तरीही सामाईकच राहायच्या, म्हणजे सुरक्षिततेचा नुसता भास. २००३ च्या सर्व्हलेट २.४ मध्ये त्याला बाद ठरवलं आणि २०२२ च्या जकार्ता सर्व्हलेट ६.० मध्ये तो काढूनच टाकला. एकोणीस वर्षं नुसता फलक लावून ठेवला होता! मी तो माझ्या कंटेनरमध्ये घेतलेला नाही.

अ‍ॅटॉमिकलाँग हा थ्रेडच्या गर्दीतही न चुकणारा आकडा लावला की एका जेव्हीएमपुरतं (जावा चालवणाऱ्या एका प्रोसेसपुरतं) भागतं. अ‍ॅप दोन जेव्हीएमवर चढवलं की प्रत्येकीत सर्व्हलेटचा आपला वेगळा ऑब्जेक्ट आणि आपला वेगळा आकडा. यावर मंडळाच्या खजिनदार काकांनी चहा पिता पिता उत्तर दिलं. "अरे, तीन पोरं वर्गणीला निघाली की मी तीन पुस्तकं देतो. एकाला १ ते ५०, दुसऱ्याला ५१ ते १००. भांडायचा प्रश्न येतो कुठे?" डेटाबेसवाले याला हाय-लो म्हणतात. आता इनिटमध्ये सर्व्हलेट डेटाबेसकडून पन्नास क्रमांकांचा गठ्ठा उचलतो, आतल्या आत अ‍ॅटॉमिकलाँगने वाटतो आणि संपला की नवा घेतो.

उरलेले क्रमांक डिस्ट्रॉयमध्ये परत करायचे, असा सरळ विचार होता. मग मिनी पीसीची वायर उपटून बघितली. डिस्ट्रॉय कुठून येणार? किल -९ ने प्रोसेस जागीच मारली तरीही तेच. साधा किल दिला तर जेव्हीएमचा शटडाउन हुक (बंद होताना चालणारा कोड) चालतो आणि त्यातून कंटेनर सगळं नीट आवरतो. लाइट गेली तर कोण आवरणार. म्हणून कुठला गठ्ठा कुणाला दिला ते देतानाच डेटाबेसमध्ये लिहून ठेवतो आणि चालू होताना अर्धवट गठ्ठे शोधतो. काकांना मधले क्रमांक गायब झालेले खपत नाहीत. त्या क्रमांकांपुढे ‘रद्द’ असं छापून देतो.

आता दुसरा बाण, सर्व्हिस ते डिस्ट्रॉय. इथेच सगळ्यात जास्त डोकं गेलं. अ‍ॅपची नवी आवृत्ती चढवायची तर जुनी आधी पूर्ण उतरली पाहिजे. सराफ्यात रात्री सोन्याचांदीच्या दुकानांची शटर पडल्याशिवाय त्यांच्या ओट्यावर गराडू तळणारा कढई मांडत नाही, तसं. स्पेसिफिकेशन सांगतं की सर्व्हिसमध्ये चालू असलेले थ्रेड संपू द्या, किंवा ठरवलेली मुदत संपू द्या, मग डिस्ट्रॉय बोलवा. टॉमकॅटची ही मुदत, अनलोडडिले, डिफॉल्टने २००० मिलिसेकंद आहे.

आत किती थ्रेड आहेत ते मोजायला एक काउंटर आणि ‘बंद’ असा एक फ्लॅग, एवढ्याने भागेल असं वाटतं, पण त्यात बारीक फट आहे. एखादा थ्रेड फ्लॅग बघतो, दार उघडं दिसतं, आणि काउंटर वाढवायच्या आत ऑपरेटिंग सिस्टिम त्याला बाजूला काढते. तेवढ्यात बंद करणारा थ्रेड शून्य बघून डिस्ट्रॉय उरकतो. मग पहिला परत येतो आणि डेटाबेसची जोडणी तोडलेल्या सर्व्हलेटमध्ये शिरतो. म्हणून रीड-राइट लॉक लावला (रीड एकाच वेळी अनेकांना, राइट एकट्यालाच): प्रत्येक सर्व्हिस रीड लॉकखाली, डिस्ट्रॉय राइट लॉकखाली, आणि तो मिळवताना मुदतीसह ट्रायलॉक. मुदत संपली तर डिस्ट्रॉय तरीही चालतं. आत अडकलेल्याचं नशीब.

डिस्ट्रॉयनंतरही जुनं अ‍ॅप मेमरीतून जाईलच असं नाही. पावती अ‍ॅप इनिटमध्ये एक शेड्यूल्ड एक्झिक्युटर (ठरल्या वेळी काम करणारा थ्रेड) चालू करतं, रात्रीच्या बेरजेसाठी. डिस्ट्रॉयमधली त्याची शटडाउनची ओळ काढून बघा: थ्रेड जिवंत, त्याच्या हाती जुना क्लासलोडर (क्लास मेमरीत आणणारा), क्लासलोडरच्या हाती सगळे जुने क्लास. पुन्हा पुन्हा रीलोड करा, मेटास्पेस (क्लासची मेमरी) फुगत जाते. टॉमकॅट अशा थ्रेडचं नाव घेऊन लॉगमध्ये तक्रार करतो. माझा सध्या गप्प बसतो. ती सोय करायचीय.

सध्या अडलंय ते असिंकपाशी. २००९ च्या सर्व्हलेट ३.० पासून रिक्वेस्ट असिंक करता येते: सर्व्हिस मेथड परतते, उत्तर मात्र नंतर दुसराच थ्रेड लिहितो. माझा रीड लॉक सर्व्हिस परतताच सुटतो, म्हणजे उत्तर बाकी असतानाच डिस्ट्रॉय होऊ शकतं. लॉक उत्तर पूर्ण (कम्प्लीट) होईपर्यंत धरून ठेवावा म्हटलं, तर री-एंट्रंट रीड-राइट लॉक ज्या थ्रेडने घेतला त्यानेच सोडावा लागतो. स्टॅम्प्डलॉकला मालक नसतो, एकाने घेतलेला दुसरा सोडू शकतो, म्हणून आता तो लावतोय आणि सुटका असिंकलिसनरच्या ऑनकम्प्लीटमध्ये (उत्तर पूर्ण झाल्यावर बोलावली जाणारी मेथड). मुदतीचा पेच आहेच: असिंकचा डिफॉल्ट टाइमआउट ३०,००० मिलिसेकंद, आणि मी डिस्ट्रॉयला टॉमकॅटसारखे दोन सेकंद दिलेत. शिवाय स्टॅम्प्डलॉक री-एंट्रंट नाही, म्हणजे लॉक धरलेल्यालाच तो पुन्हा मिळेल याची हमी नाही. सर्व्हलेटने रिक्वेस्ट स्वतःकडेच फॉरवर्ड केली आणि तेवढ्यात राइट लॉकवाला रांगेत असेल, तर मुदत संपेपर्यंत दोघं एकमेकांची वाट बघत बसतील. फॉरवर्ड करणारा रिक्वेस्ट डिस्पॅचर अजून लिहिलेला नाही, तोवर खपून जाईल.