गोधडी शिवताना अंगुस्तान घालायला शिकले

वर-खाली आजीची लुगडी, मध्ये जुन्या चादरी. साधा धावदोरा घालायचा होता, पण एवढ्या थरांतून सुई आपणहून जात नाही. रेटावी लागते, आणि रेटलं की नेढ्याकडचं टोक मधल्या बोटात रुततं. पहिली कड पुरी होईतो बोटाची चाळण झाली.

मग अंगुस्तान, म्हणजे सुई रेटताना बोटात घालायचं धातूचं कवच, आणायला गेले. दोन प्रकार मिळतात. एक टोपीसारखं बंद, दुसरं वरून उघडं, नुसतं कडं. आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांनी उघडंच घ्यायला लावलं. बंद टोपीत बोट घामेजतं, वाढलेलं नखही टेकतं. शिवाय शिंपी बोटाच्या शेंड्याने सुई ढकलतच नाही. मधलं बोट वाकवून नखाच्या बाजूने रेटतो.

इथेच खरी कसरत होती, कारण माझं बोट सारखं सरळ व्हायचं. काकांनी चिंधी घेतली, बोट वाकवून बांधूनच टाकलं आणि म्हणाले, “ताई, आता दोरा न ओवता नुसती सुई चालवा.” इंग्लंडमधले शिंपीही शिकाऊ उमेदवारांचं बोट असंच बांधत, हे नंतर वाचलं.

अंगुस्तानावरचे बारीक खळगे शोभेचे नसतात. सुई त्यात अडकते, घसरत नाही. पूर्वी जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचे कारागीर पितळेवर हे खळगे हाताने ठोकत, त्यामुळे जुन्या नगांवर ते वेडेवाकडे दिसतात. पुढे 1693 मध्ये जॉन लॉफ्टिंग या डच माणसाने इंग्लंडमध्ये अंगुस्तानं बनवायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. चांदीची अंगुस्तानं दिसायला देखणी, पण मऊ. सुईने भोक पडायचं. म्हणून चार्ल्स हॉर्नर या इंग्लिश जवाहिऱ्याने 1884 मध्ये चांदीच्या दोन थरांत पोलाद घालण्याचं पेटंट मिळवलं. मी आपलं साधं स्टीलचंच घेतलं.

माप मात्र नीट बघा. हात खाली सोडून झटकला तरी गळून पडता कामा नये, आणि बोट लालही होता कामा नये. उन्हाळ्यात बोटं सुजतात, तेव्हा दुपारी बसत असाल तर किंचित सैल बरं.

आता सुईवर तीन-चार टाके भरते आणि एकदम रेटते. लुगड्याच्या काठावर काठ आलाय तिथे मात्र अंगुस्तानही हात टेकतं. तिथे सुईचं टोक पलीकडे निघालं की सरळ पकडीने ओढून घेते.